लहान खासगी कॉलेज, एक वर्ष वापरून: मुलांवरचे शिक्के किती खरे निघाले?

प्रवेश घेण्याआधी या कॉलेजबद्दल मला जे काही ऐकवलं गेलं, त्यात अभ्यासक्रमाबद्दल क्वचितच काही होतं. सगळा रोख इथल्या मुलांवर. पैसेवाल्यांची पोरं. दुसरीकडे नंबर लागला नाही म्हणून आलेली. सर-मॅडमनी लाडावून ठेवलेली. प्रत्येक जण प्रत्येकाच्या भानगडीत. शिवाय एक-दोन नग असे, की नाटकापासून नियतकालिकापर्यंत जिथे बघाल तिथे तेच. आता पहिलं वर्ष संपत आलंय, म्हणून कॉलेजपेक्षा या शिक्क्यांचाच हिशेब मांडते. सोयीसुविधांचं शेवटी थोडक्यात.

ज्यांना पुढचं वाचायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी: माणसांच्या स्वभावावर मारलेले शिक्के बहुतेक फसवे निघाले. मुलांची संख्या कमी असल्यामुळे जे होतं, त्याबद्दलचे मात्र अगदी खरे ठरले.

पैशाचा शिक्का सगळ्यात मोठ्याने ऐकू येतो, म्हणून तो आधी. पैसेवाली मुलं आहेत, नाही कशाला म्हणू? फोन फुटला की दुसऱ्या दिवशी नवा हातात. पण ती डोळ्यांत भरतात म्हणून मोजली जातात. ज्यांची बरीचशी फी शिष्यवृत्तीतून जाते, ज्यांच्या घरी शैक्षणिक कर्जाचे हप्ते सुरू होणार आहेत, जी संध्याकाळी ग्रंथालयात तासांवर काम करतात, ती काही तसं कपाळावर लिहून हिंडत नाहीत. माहितीपत्रकात छापलेली फी आणि एखाद्याने खरोखर भरलेली फी यांत पुष्कळ अंतर असू शकतं आणि शेजारच्या बाकावरच्याने किती भरली हे कधी कळत नाही. परिणाम असा, की आपण सोडून बाकी सगळे सुखवस्तू, असं जो तो धरून चालतो.

मानसशास्त्र माझा मुख्य विषय आहे, त्यामुळे अधूनमधून अभ्यासातलं येणार, सहन करा. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर यांनी विद्यार्थ्यांच्या दारू पिण्याबद्दल केलेलं संशोधन १९९३ मध्ये छापून आलं. तिथल्या पिण्याच्या रिवाजाचं आपल्याला जेवढं अवघड वाटतं तेवढं इतरांना वाटत नाही, असा सर्वसाधारण विद्यार्थ्याचा समज होता. मनात अस्वस्थ अनेक जण, आणि प्रत्येकाला वाटतंय की आपण एकटेच. आमच्याकडे हेच वर्गाच्या सहलीच्या वर्गणीवरून झालं. आकडा जाहीर झाला, कोणी चकार शब्द काढला नाही. मग एका मुलीने वर्गाच्या गटावर सरळ लिहिलं, ‘मला एवढे जमणार नाहीत.’ तिच्या खाली ‘मलाही’ची अशी रांग लागली की सहल रद्द झाली. त्यात फोन फुटल्यावर नवा घेणारा एक जणही होता.

‘दुसरीकडे नंबर लागला नाही’ हे काहींच्या बाबतीत खरं आहे. पण पहिली अंतर्गत परीक्षा झाल्यावर आधीचे गुण कोणी विचारत नाही. या शिक्क्याचं आयुष्य तेवढंच.

बाहेरच्या लोकांना आम्ही सगळे सारखे का दिसतो, याचं उत्तर मला माझ्याच मैत्रिणीत सापडलं. ती एका प्रचंड सरकारी विद्यापीठात शिकते. एका वक्तृत्व स्पर्धेत आमच्याकडचा एक मुलगा तिच्याशी उर्मटपणे बोलला, तेव्हापासून ती ‘तुमच्या कॉलेजची मुलं’ अशीच सुरुवात करते. त्याच स्पर्धेत तिच्या विद्यापीठाचा एक जण परीक्षकांशी हमरीतुमरीवर आला होता. त्याबद्दल विचारलं तर म्हणे, ‘अगं, तो आहेच तसा.’ आमचा एक उर्मट म्हणजे अख्खं कॉलेज उर्मट, त्यांचा एक भांडखोर म्हणजे तो एकटा भांडखोर! जॉर्ज क्वाट्रोन आणि एडवर्ड जोन्स यांनी १९८० मध्ये हीच गोष्ट प्रिन्स्टन हे खासगी आणि रटगर्स हे सरकारी, अशा दोन विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांवर तपासली होती. एखाद्याने केलेली निवड दाखवायची, तो आपल्या विद्यापीठाचा की समोरच्या असं सांगायचं, आणि मग त्याच्या विद्यापीठातले किती जण तसंच करतील याचा अंदाज विचारायचा. एकावरून सगळ्यांना तोलण्याचा कल समोरच्या गटाबाबत जास्त दिसला. मैत्रिणीला हे सांगितलं. ती म्हणाली, तुमच्या कॉलेजची मुलं फार पुस्तकी बोलतात.

आता खऱ्या ठरलेल्या शिक्क्यांकडे. ‘सगळे सगळ्यांना ओळखतात’ हे शंभर टक्के खरं, आणि यात स्वभावाचा काही संबंध नाही, नुसतं गणित आहे. तीस जणांच्या वर्गात दोघादोघांच्या जोड्या ४३५ होतात. वर्षभरात त्यातल्या बहुतेक जोड्या कधी ना कधी एका प्रकल्पावर, एका बाकावर, एका रांगेत आमनेसामने येतात. तीनशे जणांच्या वर्गात जोड्या ४४,८५०. तिथे कोण कोणाला गाठणार? म्हणून मोठ्या ठिकाणी भांडण झालं तर माणूस बाक बदलतो, गट बदलतो, विषय संपतो. इथे ज्याच्याशी भांडलात तोच पुढच्या सत्रात प्रयोगशाळेत तुमचा जोडीदार असतो. माझ्या वर्गातल्या दोघांचं प्रेमप्रकरण मोडलं तेव्हा गटपाडणीची यादी लावताना मॅडमनाही विचार करावा लागला, म्हणजे त्यांनाही माहीत होतं! पहिल्या आठवड्यात ज्याला वर्गात डुलकी लागली तो अजून ‘कुंभकर्ण’ आहे. बिचारा आता पहिल्या बाकावर बसून सगळ्यात जास्त प्रश्न विचारतो, पण नाव काही सुटत नाही. ज्यांना स्वतःत काही बदल करून बघायचाय, नवं वागणं आजमावायचंय, त्यांना हा जाच खरोखर जाणवतो. मी यासाठी चांगलेच गुण कापते.

याच गणिताची दुसरी बाजू मला अनपेक्षितपणे आवडली. एकच मुलगा सगळीकडे दिसतो म्हणून बाहेरचे हसतात. तो मिरवायला हपापलेला असतो असं नाही. माणसंच कमी असतात. नाटकाला नट लागतात तेवढेच लागतात, कॉलेजात मुलं कितीही असोत. रॉजर बार्कर आणि पॉल गंप यांनी अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या लहानमोठ्या शाळांचा अभ्यास १९६४ मध्ये प्रसिद्ध केला. मोठ्या शाळेत उपक्रमांचे प्रकार जास्त होते, पण लहान शाळेतल्या मुलाच्या वाट्याला जबाबदारीची कामं जास्त येत होती. नुसते बघे राहिलेल्यांचं प्रमाण मोठ्या शाळांत अधिक होतं. माझंच बघा. ध्वनियंत्रणेचं मला ओ की ठो कळत नव्हतं. आधीची मुलगी शेवटच्या वर्षाला गेली आणि तिने जाता जाता वायरींचं बोचकं माझ्या हातात दिलं. पहिल्या प्रयोगात नायिकेचा आवाज अर्ध्या अंकापर्यंत कोणाला ऐकू आला नाही, तरी मला कोणी काढलं नाही, कारण काढून आणणार कोणाला? मोठ्या ठिकाणी मी तिकीट काढून मागच्या रांगेत बसले असते. मात्र याचा अतिरेक झाला की जी दहा मुलं काम करतात तीच पुन्हा पुन्हा पिळली जातात. परीक्षेच्या तोंडावर ‘नाही’ म्हणायला जड जातं, कारण तुम्ही नाही म्हटलं की तो कार्यक्रमच होणार नसतो.

लाडावण्याचं काय? उलटं आहे. वाचून न येता लपायला जागा नसते. सरांची नजर फिरत फिरत तिसऱ्या मिनिटाला तुमच्यावर येणार. अडचण असेल तर दार ठोठावून भेटता येतं, हे खरं आणि मोलाचं. पण अंतर्गत गुणांबाबत माझ्या मनात कायम किंतु आहे. उत्तरपत्रिकेवर नाव नसलं तरी अक्षर ओळखणारे शिक्षक तपासतात, मग निनावी तपासणीला अर्थ काय उरतो? ज्यांचं शिक्षकांशी एकदा बिनसलंय त्यांना हे विचारून बघा.

‘प्रत्येकाकडे व्यक्तिगत लक्ष’ आणि ‘सरासरी वर्ग वीस जणांचा’ या जाहिरातीवर मात्र लगेच विश्वास ठेवू नका. सरासरीची चलाखी कागदावर मांडून बघा. नऊ वर्ग दहा-दहा जणांचे आणि एक सक्तीच्या विषयाचा वर्ग एकशे दहा जणांचा. वर्ग दहा, जागा दोनशे, सरासरी वीस. आकडा खोटा नाही. पण विद्यार्थ्याच्या बाजूने मोजा: दोनशेपैकी एकशे दहा जागा त्या गर्दीच्या वर्गात आहेत. प्रत्येक जागेवरच्या मुलाला ‘तुझ्या वर्गात किती?’ असं विचारून सरासरी काढली तर ती पासष्ट येते. पहिल्या वर्षाला सक्तीचे विषय जास्त असल्यामुळे ही गर्दी नेमकी नवख्यांच्या वाट्याला येते. आमच्याकडे वरच्या वर्षांचे वर्ग खरंच लहान आहेत, पहिल्या वर्षाचे नाहीत.

एक शिक्का मात्र मला अजून पुरता उलगडलेला नाही: ‘तिथे गेलं की सगळे एकाच मताचे होतात.’ अमेरिकेतल्या बेनिंग्टन या तेव्हा फक्त मुलींच्या असलेल्या लहान खासगी कॉलेजात थिओडोर न्यूकम्ब यांनी १९३० च्या दशकात हेच तपासलं होतं. मुली बहुतांशी सनातनी विचारांच्या सुखवस्तू घरांतल्या, शिक्षक सुधारणावादी. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत पहिल्या वर्षाच्या बहुतेक मुलींचा कौल घरच्यांसारखाच रिपब्लिकन या सनातनी कलाच्या पक्षाच्या उमेदवाराला होता. वरच्या वर्षांत त्याचा पाठिंबा घसरत गेला होता. ज्यांचा जीव घरातच गुंतलेला राहिला त्यांच्यात बदल कमी दिसला. आमच्याकडे मला मतांपेक्षा बोलण्याची ढब सारखी होताना दिसते. एका लाडक्या सरांची ‘मुद्दा असा आहे की’ ही लकब अर्ध्या वर्गाने उचललीय. मतं बदलली का, हे तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारलं तर ती हसतात.

बाकीचं भराभर. ग्रंथालय छोटं, पण शांत, आणि मागवलेलं पुस्तक येतं. वसतिगृह ठीक. खरी खोट पर्यायी विषयांत आहे. पुस्तिकेत छापलेले सगळे विषय दरवर्षी शिकवले जात नाहीत, काही वर्षाआड येतात. एखादे सर दीर्घ रजेवर गेले तर त्यांचा विषय त्या वर्षापुरता बंद, कारण तो शिकवणारे ते एकटेच असतात. या कारणाने माझा संख्याशास्त्राचा पुढचा भाग एक वर्ष लांबला.

घोळक्यात निनावी राहून स्वतःच्या गतीने शिकणाऱ्यांनी इकडे येऊ नये, त्यांचा जीव घुसमटेल. जबाबदारी अंगावर पडली की उमलणाऱ्यांनी यावं. कॉलेज बघायला गेलात तर फिरवून दाखवणाऱ्या हसऱ्या मुलीला बाजूला ठेवा आणि ग्रंथालयात एकटं बसलेल्या दुसऱ्या वर्षाच्या कोणाला तरी गाठा. गेल्या दोन वर्षांत पुस्तिकेतले कोणते पर्यायी विषय प्रत्यक्षात चालले, पहिल्या वर्षाच्या सगळ्यात मोठ्या वर्गात किती जण होते आणि एखाद्या शिक्षकाशी वाजलं तर दाद कुठे मागायची, एवढं विचारा. तिसऱ्या प्रश्नावर तो इकडेतिकडे बघायला लागला, तर बाहेर नेऊन पुन्हा विचारा.