निवांत दिवस काढायचा तर किल्ला की संभाजी तलाव?

सोलापुरात सुट्टीचा अख्खा दिवस झाडाखाली, कसलीही घाई न करता काढायचा म्हटलं की घरोघरी दोन नावं निघतात. एक भुईकोट किल्ला, दुसरा विजापूर रोडवरचा संभाजी तलाव, म्हणजे जुन्या मंडळींचा कंबर तलाव. माझं मत सांगूनच टाकतो: दिवसभर बसायचं असेल तर किल्ला, आणि पहाटे उठायची खरोखर तयारी असेल तर तलाव.

आपल्याकडे आधी उन्हाचा हिशोब करावा लागतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, आणि थंडी सरली की सकाळचं ऊनही लगेच चढतं. तलावाच्या काठावर उघडं फार. ऊन वर आलं की पाण्यावरची तिरीप डोळ्यांवर येते आणि मुलं कंटाळतात. किल्ल्यात मात्र मोठी झाडं आहेत, उंच तटाची सावली आहे. सूर्य सरकेल तशी सतरंजी सरकवायची, एवढंच काम.

किल्ला १४व्या शतकातला, बहमनी काळातला. दुहेरी तटबंदी, भोवती खंदक. आत शिरल्यावर लगेच बाकडं धरू नका. उत्खननात निघालेल्या कपिलसिद्ध मल्लिकार्जुन मंदिराच्या अवशेषांपाशी जरा थांबा. खांबांवरचं कोरीवकाम अगदी जवळून बघता येतं. तिथून तटावर गेलात की खाली सिद्धेश्वर तलाव आणि पाण्याच्या मधोमध मंदिर दिसतं. संध्याकाळी चारनंतर तिथला वारा खाल्ला की उठवत नाही. १८१८ साली दुसरा बाजीराव काही काळ याच किल्ल्यात मुक्कामाला होता, हे मुलांना तिथेच उभं राहून सांगावं. पुस्तकातला धडा तिथे डोळ्यांसमोर येतो.

शेजारी हुतात्मा बाग. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं गेलं. त्याआधी मे १९३० मध्ये सोलापूरकरांनी इंग्रजांचा अंमल झुगारला होता आणि त्यापायी शहरानं मार्शल लॉ सोसला. ही चार नावं प्रत्येक सोलापुरी पोराला तोंडपाठ असावीत असं मला मनापासून वाटतं.

जेवणाच्या बाबतीतही किल्लाच सोयीचा, पण आत पंगत मांडू नका. ती संरक्षित वास्तू आहे. सांडलेलं खरकटं आणि प्लास्टिक बघून जीव तुटतो. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही असा डबा बाहेर बसून खावा. संध्याकाळी पार्क चौकात भेळ, पाणीपुरी आहेच. तलावाकडे जाताना मात्र पाणी आणि खाणं घरून भरपूर न्यावं.

आता तलावाची बाजू. किल्ल्यात जे कधीच मिळणार नाही ते इथे हिवाळ्याच्या सकाळी मिळतं: पक्षी. बगळे, पाणकावळे, जांभळ्या पाणकोंबड्या. वारकरी पक्षी तर नक्की बघा. अंगानं काळाकुट्ट, कपाळ आणि चोच पांढरीशुभ्र. उडायच्या आधी तो पाण्यावरून थपाथप पावलं टाकत लांबवर धावतो आणि मगच उचलला जातो. लहान मुलांना एकदा हे दाखवलं की ती पुढच्या वेळी स्वतःहून लवकर उठतात. दुर्बीण असेल तर न्या. नसली तरी काठाजवळचे पक्षी दिसतात. गर्दी वाढायच्या आत पोचायला हवं, आणि आवाज कमी.

त्याच रस्त्यावर स्मृती उद्यान आणि सिद्धेश्वर वनविहारही आहे. ज्यांना फक्त चालायचं आहे, त्यांनी सरळ वनविहार गाठावा.

घरात गुडघे दुखणारी आजी-आजोबा असतील तर तटाच्या पायऱ्यांचा हट्ट धरू नका. त्यांना खाली बागेत सावलीत बसवा आणि बाकीच्यांनी पाळीपाळीनं वर जाऊन या. सिद्धेश्वराचं दर्शनही जवळच होतं, त्यामुळे म्हातारी माणसं किल्ल्याच्या बाजूलाच जास्त रमतात. एकटं बसून वाचायचं असेल, कुणाशी बोलायचं नसेल, तर तलावच बरा.

एक वेळ मात्र टाळा. संक्रांतीला गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरतो तेव्हा होम मैदान आणि किल्ल्याभोवतीचा सगळा परिसर माणसांनी फुलून जातो. गड्डा बघायला जरूर जा, पाळण्यात बसा. निवांत बसायचं असेल तर त्या दिवसांत गाडी विजापूर रोडला वळवा. थंडी असते, पाणी असतं आणि पक्षीही आलेले असतात.