कोकणात चिलगोजे घ्यायचे तर टरफलाचे की सोललेले?

रत्नागिरी-दापोलीकडे राहून चिलगोजे, म्हणजे डोंगरातल्या एका पाइन झाडाच्या खायच्या बिया, घेणाऱ्याला भावाआधी हवेचा विचार करावा लागतो. मी दोन्ही प्रकार घरात वापरले आहेत आणि आता बहुतेक वेळा टरफलाचेच आणतो. तरी सोललेल्यांची बाजू आधी सांगतो, कारण ती लंगडी नाही.

खीर, पुलाव, लाडू, काहीही असो, सोललेले चिलगोजे थेट पातेल्यात पडतात. दातांचा त्रास असलेल्या वडीलधाऱ्यांना तेच बरे. टरफलाचे सोलायला वेळ लागतो, हे खरंच. काजूबीसारखा चिकाचा धोका नाही, टरफल पातळ असतं, भाजलेल्या चिलगोज्याचं टोक दाबलं की गर सुटतो. पण वाटीभर गर काढायचा तर घरातली दोन-तीन माणसं गप्पा मारत बसायला हवीत. शिवाय टरफलाचंही वजन भरतं आणि मधूनमधून पोचट निघतात, ते वेगळंच.

माझा कौल फिरला तो खवटपणामुळे. चिलगोज्याच्या गरात जवळजवळ निम्मं तेल असतं आणि ते हवा लागली की बिघडणाऱ्या जातीचं. सोलताना गराला चरे पडतात, टोकं तुटतात, आणि मग आपली दमट हवा उरलेलं काम करते. आषाढात उघडलेलं पाकीट आमच्याकडे नागपंचमीपर्यंत धड राहिलेलं मला आठवत नाही. वाईट म्हणजे दिसायला काहीच कळत नाही. गर तसाच पांढुरका, तसाच गुळगुळीत. तुपात परतायला घेतला की वास उठतो, तोवर तूपही गेलेलं असतं. गौरी-गणपतीच्या खिरीत असे चार दाणे गेले तरी नैवेद्याचं पातेलं वाया.

फ्रीजमध्ये ठेवा, असं कुणीही सांगेल, आणि ते बरोबरच आहे. पण पावसाळ्यात आपल्याकडची वीज गृहीत धरता येत नाही. २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक गावं बरेच दिवस अंधारात होती. काजूचं आपण काय करतो? बी नीट वाळवून पोत्यात ठेवतो आणि लागेल तसे गर काढतो. चिलगोज्यालाही तोच न्याय लावावा, असं मला वाटतं.

हे झाडच कोरड्या डोंगरांचं आहे. आपल्या देशात ते मुख्यतः हिमाचलात, किन्नौर आणि पांगीकडे, साधारण १८०० ते ३००० मीटर उंचीवर, जिथे मान्सूनचे ढग जेमतेम पोचतात. पलीकडे अफगाणिस्तानात आणि पाकिस्तानातल्या सुलेमान डोंगरांत. शंकू, म्हणजे या बिया ज्यांत असतात ती पाइनची बोंडं, पिकायला दोन वर्षं लागतात, माणसं झाडावर चढून ते उतरवतात, आणि इतके उतरवतात की जमिनीवर पडून रुजायला बी फारसं उरतच नाही. जंगलात नवी रोपं कमी दिसतात ती बऱ्याच अंशी त्यामुळे. अशी वस्तू खवट झाली म्हणून उकिरड्यावर टाकायला माझा हात धजत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. सोललेला आखूड, थेंबासारखा फुगीर दाणा दिसला तर तो बहुधा दुसऱ्याच पाइनचा, बऱ्याचदा चीनकडचा. त्यातल्या एका जातीने खाल्ल्यानंतर एक-दोन दिवसांनी तोंड कडू होतं आणि कडवटपणा बरेच दिवस जात नाही. चिलगोजा लांब, सडपातळ आणि टोकाकडे निमुळता. टरफलासकट असला की फसगत व्हायची शक्यता कमी.

शंकू सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरवतात, त्यामुळे नवा माल दिवाळीच्या पुढेमागे येतो. तेव्हा टरफलाचे घ्या, घट्ट झाकणाच्या बरणीत भरा आणि मृगाआधी संपतील एवढेच घ्या. घरात लग्नकार्य असेल, एकाच दिवशी भरपूर गर लागणार असेल, तर मात्र सोललेले घ्यायला हरकत नाही. त्याच आठवड्यात मागवा आणि पैसे देण्याआधी पाकिटाच्या तळातला एक दाणा चावून बघा.