जुन्या इसुझू व्ही-क्रॉसची ताकद वाढवली, त्यानंतरच्या काही महिन्यांचा अनुभव

आमची इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस ही भारतात २०१६ साली आलेल्या मॉडेलपैकी, २.५ लिटर डिझेल इंजिनाची आणि पाच गिअरची पिकअप, म्हणजे मागे सामानासाठी हौदा असलेली गाडी आहे. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे हे इंजिन १३४ अश्वशक्ती आणि ३२० न्यूटन-मीटर टॉर्क देते. मात्र पोलादपूरहून आंबेनळी घाट चढताना हौद्यात सामान असले की आमची गाडी तिसऱ्या गिअरमध्येही ओढत नसे. कित्येक महिन्यांच्या वापरानंतर माझे ठाम मत असे झाले आहे की, जुन्या गाडीत नवी ताकद विकत घेण्याआधी तिची मूळ ताकद कुठे गळते आहे ते शोधले पाहिजे.

पहिली गळती टायरमध्ये निघाली. आधीच्या मालकाने २४५/७० आर१६ ऐवजी २६५/७५ आर१६ मापाचे टायर बसवले होते. हिशेब केल्यास व्यास सुमारे ७४९ मिलिमीटरवरून ८०४ मिलिमीटरवर जातो, म्हणजे चाकाला मिळणारी ओढ प्रत्येक गिअरमध्ये जवळपास सात टक्क्यांनी घटते. मूळ मापाचे टायर परत घातल्यावर गाडीची उंची सुमारे २७ मिलिमीटरने कमी झाली, परंतु घाटातला फरक पहिल्याच चढावर जाणवला.

दुसरी गळती इंटरकूलरच्या (इंजिनात जाणारी दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाच्या) रबरी होजमध्ये होती. क्लिपच्या कडेला तेलकट काजळीचा बारीक पट्टा उमटला होता, आणि होज हाताने वाकवल्यावर तिथली चीर उघडी पडली. टर्बोने (इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या यंत्राने) दाबलेली हवा तिथून निसटत होती. इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा नळ्यांचा भाग) उघडले तेव्हा आतली वाट डांबरासारख्या चिकट थराने अरुंद झालेली दिसली; ईजीआरमधून (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या व्यवस्थेतून) येणारी काजळी आणि ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) येणारी तेलाची वाफ एकत्र होऊन हा थर साचतो. मॅनिफोल्ड, ईजीआर व्हॉल्व्ह आणि हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर साफ करून होज, एअर फिल्टर व डिझेल फिल्टर बदलल्यावर काळा धूर थांबला आणि टर्बो लवकर जागा होऊ लागला. या कामाचा खर्च रीमॅपिंगपेक्षा (इंजिनाच्या संगणकातला प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवण्यापेक्षा) बराच कमी आला आणि फायदा, माझ्या मते, जास्त झाला.

त्यानंतरच रीमॅपिंग केले. ट्यूनिंग बॉक्स (ताकद वाढवण्यासाठी बाहेरून जोडायची डबी) आम्ही टाळला, कारण त्यातले बहुतेक प्रकार रेल प्रेशरचा (इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या नळीतल्या दाबाचा) सिग्नल खोटा दाखवून इंधनाचा दाब वाढवतात आणि त्याचा ताण इंजेक्टरवर येतो. आम्ही वाढ जाणीवपूर्वक माफक ठेवायला सांगितली; धुराची मर्यादा (काळा धूर होऊ नये म्हणून प्रोग्रॅममध्ये इंधनावर ठेवलेली मर्यादा) सैल करू दिली नाही आणि ईजीआरही बंद केला नाही. आता १८०० आरपीएमच्या आसपास गाडी स्वच्छ ओढते, त्यामुळे वळणावर गिअर खाली घ्यावा लागण्याचे प्रसंग कमी झाले आहेत. सर्वोच्च वेगात मात्र सांगण्यासारखा फरक नाही.

चिखलात आणि दगडांवर या सगळ्याचा उपयोग मर्यादित आहे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. तिथे फोर-लो (चारही चाकांना ओढ देणारा, कमी वेगाचा गिअर) टाकल्यावर चाकाला मिळणारा टॉर्क सुमारे अडीचपट होतो, आणि एवढी वाढ कोणतेही रीमॅपिंग देऊ शकत नाही. ज्यांना फक्त अवघड वाटांसाठी ताकद हवी आहे, त्यांनी चांगल्या पकडीचे टायर मूळ मापात घ्यावेत आणि टायरमधली हवा योग्य तेवढी कमी करून चालवायला शिकावे.

गाडीतल्या बदलांबाबत मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आधी वाचावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. आम्ही तसे कळवले आहे, पीयूसी नव्याने काढली आहे आणि ईसीयूची (इंजिनाच्या संगणकाची) मूळ फाइलही जपून ठेवली आहे. क्लच मात्र जुनाच आहे. भरलेल्या हौद्याने पाचव्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की हल्ली आरपीएमचा काटा वेगाच्या आधी वर सरकतो, म्हणजे क्लच घसरतो आहे, त्यामुळे पावसाळ्यापूर्वी क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट दोन्ही बदलण्याचे ठरवले आहे.