घायपात फुलल्यावर उपयोगी पडलेली रोपवाटिका

रुईकर कॉलनीत आमच्या कुंपणालगतच्या घायपाताला यंदा घराच्या गच्चीपेक्षा उंच दांडा येऊन पिवळ्या फुलांचे झुबके लागले, तेव्हा जवळच्या रोपवाटिकेतील माळीकाकांना बोलावले. हे झाड साधारण 10 ते 30 वर्षांनी एकदाच फुलते आणि सारा साठा त्या दांड्यात ओतून वाळून जाते, त्यामुळे दांडा छाटूनही ते वाचणार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले; औषधे किंवा खते गळ्यात मारली नाहीत, हे मला फार मोलाचे वाटते. चिकाने कातडीची आग होते, म्हणून जाड हातमोजे घालून त्यांनी रस्त्याकडील पानांचे टोकदार काटे तेवढे काळजीपूर्वक छाटले आणि बुंध्याजवळची पिल्ले कुंड्यांत लावून दिली. मजुरी वाजवी घेतली. फोन मात्र लवकर उचलत नाहीत.