स्प्रिंगस्टीन: 'बॉर्न टू रन' की 'नेब्रास्का'?

अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या अल्बमांची क्रमवारी लावताना माझं घोडं नेहमी पहिल्या दोन जागांवर अडतं.

'बॉर्न टू रन' (१९७५) म्हणजे सगळा थाटमाट. एकट्या शीर्षकगीतावर तो सहा महिने झटत होता. गिटार, पियानो, घंटा, थरावर थर. 'जंगललँड'मध्ये क्लॅरेन्स क्लेमन्सचा सॅक्सोफोन सुरू झाला की हातातलं काम बाजूला ठेवावंच लागतं. गावातून पळून जायची स्वप्नं पाहणारी पोरं, मोटारी, रात्रीचे रस्ते; आणि गाणी फक्त आठ.

'नेब्रास्का' (१९८२) त्याने न्यू जर्सीतल्या घरी, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर ध्वनिमुद्रित केला. खरं तर तो कच्चा खर्डा होता. नंतर बँडसोबत तीच गाणी करून पाहिली, पण जमेनात. शेवटी कॅसेटच बाजारात आली. गिटार, हार्मोनिका, आवाज. शीर्षकगीतात १९५८ मधला खुनी चार्ल्स स्टार्कवेदर स्वतः बोलतो, तेही पश्चात्तापाशिवाय. 'स्टेट ट्रूपर'मधली किंकाळी हेडफोनवर ऐकताना मी दर वेळी दचकतो.

नवख्याला मी 'बॉर्न टू रन'च देईन. 'नेब्रास्का' पहिल्यांदा ऐकून कंटाळलेले मित्र माझ्याकडे पुष्कळ आहेत. तरी माझ्या यादीत पहिला 'नेब्रास्का'च, अगदी केसभर पुढे.