हाफ-लाइफ पुन्हा खेळायचाय? चारांतला कोणता, कुणासाठी

राजवाड्याच्या आसपासच्या सायबर कॅफेंत तासाच्या भाड्यावर काउंटर-स्ट्राइक खेळून मोठी झालेली इंदुरी मंडळी हाफ-लाइफ हा गोळीबाराचा गेम नावाने ओळखतात, पण त्यातले किती जण त्याचा नायक गॉर्डन फ्रीमन याच्यासोबत शेवटपर्यंत गेले हा प्रश्नच आहे. काउंटर-स्ट्राइक हा मुळात हाफ-लाइफचाच मॉड, म्हणजे त्याच गेमवर इतरांनी रचलेलं नवं रूप. मूळ गेम संगणकावर असायचा, उघडायचं मात्र कुणी नाही. आता इतक्या वर्षांनी परत वळायचं म्हटलं, तर निवडायला चार नावं समोर येतात: 1998चा मूळ हाफ-लाइफ, तोच नव्या इंजिनवर आणलेला हाफ-लाइफ: सोर्स, चाहत्यांनी पुन्हा बांधलेला ब्लॅक मेसा आणि पुढची कथा सांगणारा हाफ-लाइफ 2.

पैसे काढण्याआधी स्टीमवरची (हाफ-लाइफ बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीचं ऑनलाइन गेम-दुकान) आपली लायब्ररी नीट बघा. नोव्हेंबर 2023मध्ये पहिला आणि नोव्हेंबर 2024मध्ये दुसरा हाफ-लाइफ काही दिवस फुकट दिला होता. तेव्हा नुसतं बटण दाबून ठेवलं असेल, तर गेम आजही तुमचाच आहे.

चारांतला एक लगेच बाद करू. हाफ-लाइफ: सोर्स 2004चा. पाणी जरा चकचकीत, मेलेले शत्रू नव्या भौतिकीनुसार कोसळतात, एवढंच नवं. भिंती, चेहरे, बंदुका जुन्याच, आणि पुढच्या अपडेट्सनी त्यात दुरुस्त्यांपेक्षा बिघाडच जास्त घातले. व्हॉल्व्हने 2023मध्ये मूळ गेमलाच अधिकृत रूप मानलं आणि सोर्स आवृत्ती दुकानात नजरेआड केली. जुन्या एखाद्या संचातून ती तुमच्याकडे आलेली असेल, तर तशीच पडू द्या.

मूळ गेम: वेग आणि सैनिक

जुना गेम आज बरा चालेल का, ही शंका आता उरलेली नाही. 17 नोव्हेंबर 2023च्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या अपडेटने रुंद पडद्यावरचं दृश्य, मोठ्या रिझोल्यूशनला वाचता येणारा मेनू आणि गेमपॅडची सोय, तिन्ही आणलं. मागितलेली ताकद 500 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि 96 एमबी रॅम. म्हणजे घरातला कुठलाही चालू स्थितीतला विंडोज संगणक पुरतो. मॅकवाल्यांनी मात्र थांबावं; गेम 32 बिटचा आहे, कॅटालिना आणि त्यानंतरच्या मॅकओएसवर तो सुरूच होत नाही.

हा गेम आज खेळण्याचं खरं कारण वेग. इथे गॉर्डन सेकंदाला 320 एककं धावतो, तेही कायम. हाफ-लाइफ 2मध्ये त्याची नेहमीची चाल 190ची, आणि 320 गाठायला शिफ्ट दाबून सूटची वीज खर्चावी लागते. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना पाय चिखलात रुतल्यासारखे वाटतात ते यामुळे.

दुसरं कारण सैनिक. ‘वी हॅव गॉट होस्टाइल्स’ या प्रकरणापासून लष्कराचे जवान येतात. तुम्ही पेटीआड बसलात की ग्रेनेड टाकून उठवतात, एक जण समोरून गुंतवतो, दुसरा बगलेतून येतो. त्यांच्याशी लढताना एक बारकावा माहीत हवा. हेल्मेटवर बसलेल्या गोळीच्या इजेतून 20 गुण वजा होतात, आणि एमपी5 बंदुकीची गोळी मुळात 5 गुणांची. म्हणजे हेल्मेटवर कितीही गोळ्या झाडा, ठिणग्या उडतात, माणूस हलत नाही. चेहरा साधला तर तीच गोळी तिप्पट लागते. नाहीतर सरळ छातीवर मारा. जवानाची ताकद सोप्या आणि मध्यम पातळीवर 50, अवघडवर 80. छातीवर 10 गोळ्यांचं काम 16 वर जातं, आणि मॅगझिन 50चं. चार जण एकदम आले की हिशेब फसतो तो इथेच. हेडक्रॅब या डोक्यावर झडप घालणाऱ्या प्राण्याचंही तसंच: ताकद मध्यमवर 10, अवघडवर 20. बऱ्याच वर्षांनी परतणाऱ्याने मध्यम घ्यावं. अवघड पातळी इथे शत्रू हुशार करत नाही, जाड आणि जास्त मारक करते.

सेटिंगमध्ये ‘एचडी मॉडेल्स’चा पर्याय दिसेल, तो बंदच ठेवा. त्यात एमपी5च्या जागी एम4 येते, पण गोळ्या जुन्याच राहतात, सगळं विजोड दिसतं. टेक्श्चर फिल्टरिंग बंद करण्याचीही सोय आहे. ठोकळेदार, करकरीत भिंती ज्यांना आवडतात त्यांनी जरूर करून बघावी. सुरुवातीला हॅझर्ड कोर्स, म्हणजे सरावाचा भाग, टाळू नका. लांब उडीचं तंत्र (पुढे धावत असताना आधी कंट्रोल, लगेच स्पेस) तिथेच बोटांत बसतं आणि झेनमध्ये, म्हणजे शेवटच्या परग्रहावरच्या भागात, त्यावाचून अडतं.

उणं काय? ‘ऑन अ रेल’ या प्रकरणातले बोगदे एकसारखे आणि लांब, दिशा हरवते. संवादांना सबटायटल्स नाहीत. शास्त्रज्ञ घाईत काय बडबडला हे निसटलं की निसटलं. आणि शेवटचा झेनचा भाग उरकल्यासारखा वाटतो. तरंगत्या खडकांवर उड्या, मग एक भलंमोठं बाळ, खेळ खलास. त्याची अपुरी बांधणी 1998मध्येच जाणवत होती, वर्षांनी ती काही सुधारलेली नाही.

ब्लॅक मेसा: तीच इमारत, नवं बांधकाम

क्रोबार कलेक्टिव्ह या गटाने हा गेम 2012मध्ये फुकट मॉड म्हणून दिला, तोही लॅम्डा कोरपर्यंतच, म्हणजे झेनच्या आधीच्या प्रकरणापर्यंत. झेनसकट पूर्ण आवृत्ती 6 मार्च 2020ला आली. सोर्स इंजिनवर सगळं नव्याने: प्रयोगशाळांत कागद, कॉफीचे मग, माणसांना वेगवेगळे चेहरे, संवादांना सबटायटल्स. ‘ऑन अ रेल’ छाटलंय, आणि ते बरंच झालं.

फरक बघायला ‘ब्लास्ट पिट’ हे प्रकरण पुरे. रॉकेट इंजिनाच्या चाचणीच्या खोल विहिरीत तीन आंधळे टेंटॅकल आहेत, सोंडेसारखे, आवाजावर चोच मारणारे. दोन्ही गेममध्ये युक्ती एकच: वाकून चालायचं, लांब ग्रेनेड फेकून त्यांना तिकडे गुंतवायचं, ऑक्सिजन, इंधन आणि वीज तिन्ही सुरू करून वर नियंत्रण कक्षात परतायचं आणि रॉकेट इंजिन पेटवायचं. मूळ गेममध्ये हे खटकन होतं. चुकलात की मेलात, पुन्हा. ब्लॅक मेसात वाटा वळणावळणाच्या, उजेड-अंधार आणि आवाज यांनी भीती जास्त, आणि वेळही जास्त. कथा पहिल्यांदा अनुभवणाऱ्याला दुसरं रूप आवडेल. ज्याला पूर्वी पाठ होतं, त्याला ते लांबवल्यासारखं वाटेल.

झेनमध्ये पारडं उलटं फिरतं. मूळ गेममधला साधारण तासाभराचा भाग इथे पाच-सहा तासांचा झालाय. पहिला निम्मा भाग अप्रतिम, या मालिकेत इतकं सुंदर दुसरं काही नाही. ‘इंटरलोपर’ मात्र संपता संपत नाही: वायर जोडा, पट्ट्यावर चढा, पुन्हा वायर जोडा. तिथे कंटाळून गेम सोडणारे पुष्कळ. ते प्रकरण एका बैठकीत ओढू नका.

खर्चाची गोष्टही झेनमध्येच दडलीय. स्टीमवर पैसे परत मिळतात ते खरेदीपासून 14 दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तरच. ब्लॅक मेसाची सुरुवातीची प्रकरणं साध्या लॅपटॉपवरही निभावतात. संगणकाचा घाम निघतो तो झेनमध्ये, दहा-बारा तासांनंतर. तोवर परतीची मुदत गेलेली असते. म्हणून किमान गरजेवर विसंबू नका. 2 जीबीचं स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड, 6 जीबी रॅम आणि 20 जीबी जागा हे सुरू होण्यापुरतं आहे. झेनला फ्रेम पडू लागल्या तर सर्वांत आधी गॉड रेज (उजेडाचे झोत) आणि डायनॅमिक लाइट्स (हलते दिवे) खाली आणा, मग सावल्या. रिझोल्यूशनला शेवटी हात लावा.

हाफ-लाइफ 2: कथा हवी त्याच्यासाठी

15 नोव्हेंबर 2024च्या अपडेटनंतर एपिसोड एक, एपिसोड दोन आणि लॉस्ट कोस्ट यातच मिळतात. एक संपलं की पुढचं आपसूक. सबटायटल्स आहेत, निर्मात्यांची टिप्पणीही चालू करता येते. ही टिप्पणी दुसऱ्यांदा खेळणाऱ्याला गेमपेक्षाही जास्त देऊन जाते.

गोळीबार मात्र पहिल्यापेक्षा मवाळ. एसएमजीची गोळी 4 गुणांची, कंबाइन या शत्रुसत्तेच्या सैनिकाची ताकद 50. म्हणजे मध्यम पातळीवर एकाला 13 गोळ्या, त्याही सगळ्या लागल्या तर. सैनिकांच्या चालीही पहिल्याइतक्या धारदार नाहीत. 2004मध्ये विटा ठेवून फळी खाली दाबायचं कोडं नवलाचं होतं, आज तिथे नुसता वेळ जातो. टिकलंय ते रेव्हनहोमचं प्रकरण. ग्रॅव्हिटी गनने, म्हणजे वस्तू ओढून फेकणाऱ्या बंदुकीने, करवतीचं पातं उचलून फेकण्यातली मजा 20 वर्षांनीही तसूभर कमी नाही.

ज्यांना गेम खेळताना मळमळतं त्यांनी ‘वॉटर हॅझर्ड’ या प्रकरणातली होडी आणि ‘हायवे 17’मधली गाडी यांची धास्ती घ्यावी. मूळ कारण बहुधा दृश्यकोन: तो 75 वर ठेवलेला असतो, जवळ बसून मोठ्या पडद्यावर बघताना फार अरुंद. पर्यायांत जाऊन 90 करा; नव्या अपडेटमध्ये 110 पर्यंत जातो. आणि हे आधीच माहीत असलेलं बरं: एपिसोड दोन 2007मध्ये अधांतरी संपला, तिसरा आलाच नाही.

मग घ्यायचा कोणता

पूर्वी संपवलाय आणि हात शिवशिवताहेत, तर मूळ गेम. लॅम्डा कोरपर्यंत खेळून थांबलात तरी काही बिघडत नाही. कधीच खेळला नाही आणि ग्राफिक्स कार्ड आहे, तर ब्लॅक मेसा, त्यामागून हाफ-लाइफ 2. कार्ड नाही, साधा लॅपटॉप आहे, तर मूळ आणि मग हाफ-लाइफ 2, 1.7 गिगाहर्ट्झ आणि 512 एमबी रॅमवर चालायला बनवलेला तो गेम आजच्या अंगभूत ग्राफिक्सला जड नाही. आठवड्याला दोन-तीन तासच मिळत असतील तरीही मूळच. त्याचे तुकडे लहान आहेत आणि कुठेही थांबता येतं.

ब्लॅक मेसासाठी इंदूरच्या जेल रोडवर जुनं कार्ड बघणार असाल, तर आधी कॅबिनेट उघडा. ऑफिसातून निघालेल्या बारक्या डेस्कटॉपमध्ये पॉवर सप्लायला जादा कनेक्टर नसतो आणि पूर्ण उंचीचं कार्ड बसत नाही. तिथे जीटीएक्स 750 टीआय (60 वॅट) किंवा 1050 टीआय (75 वॅट) चालतं, कारण दोन्ही स्लॉटमधूनच वीज घेऊ शकतात. लो-प्रोफाइल (कमी उंचीच्या) पट्टीचं मागा आणि जादा कनेक्टर लागणारं मॉडेल नाही ना ते बघा. दोघांत 4 जीबीचं 1050 टीआय बरं. त्याच नावाने कित्येक पिढ्या जुनी चिप विकण्याचे प्रकार होतात, म्हणून पैसे देण्याआधी दुकानातच जीपीयू-झेड हा कार्ड तपासणारा प्रोग्राम उघडायला लावा. नकली कार्डाच्या नावाआधी ते ‘फेक’ असं लिहितं. शिवाय पंधरा मिनिटं भार देऊन पंखा आणि तापमान बघा. मे महिन्यात दुपारी लॅपटॉप तापून स्वतःच मंद होतो. माळव्याच्या रात्री गार असतात, बैठक तेव्हा लावा.

सुरू करताना अडणाऱ्या काही गोष्टी. मूळ गेममध्ये झटपट सेव्ह एफ6 आणि लोड एफ7, हाफ-लाइफ 2मध्ये लोड एफ9. लॅपटॉपवर याच बटणांनी आवाज आणि उजेड बदलतो, म्हणून दोन्ही कामं साध्या अक्षरांवर नेमून टाका. विंडोजमध्ये मराठी किंवा हिंदी कीबोर्ड टाकलेला असेल तर ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबल्यावर भाषा बदलते. हाफ-लाइफ 2मध्ये हीच दोन बटणं चालणं आणि धावणं यांसाठी आहेत, त्यामुळे लढाईत कधी बदलली कळत नाही आणि कन्सोलमध्ये (गेमला आदेश देण्याच्या खिडकीत) आदेश टाइप होईनासा होतो. तो शॉर्टकट बंद करा. पाच वेळा शिफ्ट दाबल्यावर उगवणाऱ्या स्टिकी कीजचंही तेच. माउसची हालचाल तेलकट वाटली तर रॉ इनपुट चालू करा आणि विंडोजमधलं ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ काढा.

जुना आवडता मॉड नव्या अपडेटवर चालत नसेल तर लायब्ररीत गेमवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, बीटाज, आणि तिथे ‘स्टीम लेगसी’ निवडा. अपडेटआधीचा गेम परत येतो. जोडकथांपैकी ऑपोझिंग फोर्स मूळ गेमबरोबरच घ्यावा. सैनिकाच्या बाजूने खेळायला मिळतं आणि शस्त्रं भरपूर. ब्लू शिफ्ट तीन-एक तासांत संपतो, तो सेलमध्ये मिळाला तरच.