टॅन्ग्रॅम + गोधडी अ‍ॅक्टिव्हिटी बॉक्स: लाकूड पास, कापड नापास

लहान पोरांना भूमिती शिकवायचा एक बॉक्स ऑनलाइन मागवला होता, वय ४ ते ९ लिहिलंय वर, किंमत साडेसहाशेच्या आसपास. जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या चोपड्याला यायला आठवडा लागला पण आमच्याकडे सगळंच आठवड्याने येतं, त्याचे स्टार कापत नाही. ब्रँडचं नाव टाकत नाही कारण असे बॉक्स दोन-तीन नावांनी विकतात आणि आत माल सारखाच असतो, लाकडी सात तुकड्यांचा टॅन्ग्रॅम, चित्रांचं एक पुस्तक, आणि "क्विल्ट" (म्हणजे गोधडी) म्हणून फेल्टचे, म्हणजे न विणता दाबून केलेल्या जाड कापडाचे, रंगीत चौरस-त्रिकोण जे एका बोर्डवर चिकटवायचे. लेक तिसरीत आहे, धाकटा बालवाडीत, आणि घरात सासूबाई आहेत ज्यांच्या हातच्या गोधड्या अर्ध्या गावात पांघरल्या जातात, म्हणजे परीक्षक तीन झाले.

आधी लाकडाचं सांगते कारण ते चांगलं आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, टॅन्ग्रॅम हा चिनी खेळ, एका चौरसाचे सात तुकडे, दोन मोठे त्रिकोण, एक मधला, दोन लहान, एक चौरस आणि एक समांतरभुज चौकोन (धाकटा त्याला शंकरपाळी म्हणतो, आता घरात सगळेच म्हणतात). गंमत अशी की लहान त्रिकोण १ धरला तर मधला त्रिकोण, चौरस आणि शंकरपाळी तिघेही २-२ चे आणि मोठा त्रिकोण ४ चा, सगळे मिळून १६. दिसायला तीन वेगळे आकार आणि जागा सारखीच व्यापतात, हे लहान त्रिकोणांची जोडी एकेकावर ठेवून बघितल्याशिवाय पोरांना पटत नाही, मोठ्यांनाही नाही, माझ्या दिरांनी चौरसच मोठा आहे म्हणून पैज लावली होती.

हीच दुकानात घेताना करायची टेस्ट आहे बरं का. जळगावला फुले मार्केट-गोलाणीच्या बाजूला खेळण्यांच्या दुकानात घेत असाल तर पाकीट उघडून दोन लहान त्रिकोण आधी चौरसावर ठेवा, मग मधल्या त्रिकोणावर, मग शंकरपाळीवर. कडा तंतोतंत बसल्या तर घ्या, केसभर जरी बाहेर आलं तरी ठेवून द्या कारण तो फरक साठत जातो आणि शेवटचा तुकडा डब्यात बसत नाही मग पोरगं रडतं की मला येत नाही, आणि चूक कारखान्याची असते. आमच्या बॉक्समधले बरोबर बसले, कोपरे घासलेले, आयएसआय मार्क आहे (१ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना सक्तीचाच आहे, नसेल तर हात लावू नका). फक्त आख्खा चौरस हाताच्या पंजाएवढाच आहे, लहान त्रिकोण चार वर्षांच्या पोराला चिमटीत धरावा लागतो, थोडा मोठा पाहिजे होता.

आता तक्रार. रंग फक्त एका बाजूला दिलाय! मागून कच्चं लाकूड. तुम्ही म्हणाल काय फरक पडतो, पडतो. सहा तुकडे असे आहेत की ते नुसते फिरवून कुठेही बसतात, उलटवायची गरज पडत नाही. एकटी शंकरपाळी अशी आहे की कितीही गोल फिरवा, डावीकडे कललेली उजवीकडे कलत नाही, पालथीच घालावी लागते. पुस्तकात एक पळणारा माणूस आहे तो डावीकडे तोंड करून, त्याला शंकरपाळी पालथी लागते, पण पोरांच्या डोक्यात बसलेलं असतं की रंगाची बाजू वर, मग तासभर तो माणूस होतच नाही. मागूनही रंग दिला असता तर आरशातला आकार म्हणजे काय हे पोरं आपोआप शिकली असती.

पुस्तकाबद्दल जास्त लिहीत नाही. अर्ध्या चित्रांत आतल्या रेषा छापल्यात, म्हणजे तुकडा रेषेवर ठेवला की झालं, डोकं लागत नाही. फक्त काळी सावली असलेली पानं शेवटी आहेत ती आधी काढा. आणि त्यात नसलेली एक गोष्ट सांगते, सातही तुकडे वापरून आत खड्डा नसलेले, म्हणजे एकही कोपरा आत न शिरलेले आकार फक्त १३ होतात, जास्त होऊच शकत नाहीत, हे १९४२ मध्ये दोन चिनी गणितज्ञांनी सिद्ध केलंय. त्यात त्रिकोण एकच. लेकीला नुसतं "१३ आहेत, शोध" सांगितलं तर ती सुट्टीतल्या दुपारी, बाहेर ऊन मी म्हणतंय तेव्हा, पंख्याखाली बसून शोधत राहिली. छापील पुस्तकाने एवढं बसवून ठेवलं नाही.

धाकट्याचं वेगळंच. चौरस जरा तिरपा ठेवला की तो म्हणतो हा चौरस नाही, पतंग आहे. चिडू नका. व्हॅन हीले नावाच्या डच नवरा-बायकोने १९५७ मध्ये हेच मांडलंय की लहान मूल आधी आकार आख्खा एक चेहरा म्हणून ओळखतं, बाजू-कोन हे नंतर येतं, आणि ते वय वाढल्याने आपोआप येत नाही, हाताळून येतं. म्हणून "चौरस कशाला म्हणतात" हे पाठ करून घेण्यापेक्षा तोच तुकडा त्याच्यासमोर फिरवत राहा.

आता बॉक्सचा दुसरा भाग, आणि इथे माझं डोकं फिरलं. फेल्टचे तुकडे सासूबाईंनी हातात घेतले, उलटे केले, परत सुलटे केले आणि म्हणाल्या, "हाई कसानं कापड शे? येले उलटं-सुलटंच नही!" मला वाटलं म्हातारं माणूस, नवीन वस्तू, पण त्या बरोबर होत्या. खऱ्या छापील पातळाच्या तुकड्याला सुलटी बाजू असते, शंकरपाळी कापून पालथी घातली तर फूल मागे जातं, म्हणजे दुसऱ्या दिशेची हवी असेल तर ती मुळातच आरशातली कापावी लागते, आणि ती कात्री लावायच्या आधी ठरवावी लागते. म्हणजे बघा कंपनीने बरोबर उलटं केलंय, लाकडाला दोन्ही बाजू पाहिजे तिथे एक दिली आणि कापडाला एक पाहिजे तिथे दोन दिल्या!

फेल्टचे धागे सुटत नाहीत, शिवताना कापड आत घ्यावं लागत नाही, तिरपं कापलं तरी फारसं ताणलं जात नाही, म्हणजे गोधडीतली जी काही भूमिती आहे ती सगळी काढून टाकून उरलेलं विकलंय. सासूबाईंनी पेटीतून जुन्या लुगड्याचे, दादांच्या धोतराचे तुकडे काढले आणि लेकीला बसवलं. तिने लाकडी त्रिकोण ठेवून पेन्सिलने आखला आणि तेवढाच कापला, दोन जोडल्यावर चौरस आक्रसला आणि लाकडी चौरसाशी जुळेना. मग शिलाईला अर्धा इंच सोडायचं ठरलं, तेव्हा तिला दिसलं की अर्धा इंच सगळीकडे सारखा सोडूनही काटकोनाचा कोपरा पाऊण इंचाच्या आतच बाहेर जातो आणि त्रिकोणाचं टोकदार टोक सव्वा इंचाच्या पुढे जातं. का जातं? हा प्रश्न तिचा तिने विचारला, तिसरीतल्या पोरीने! फेल्ट चिकटवत बसली असती तर विचारला नसता.

आणि कर्णाची बाजू. चौरस कोपऱ्यातून कोपऱ्यात कापला की ती कड उरेब होते, म्हणजे धाग्याला तिरपी, ओढली की लांबते. बाकीच्या दोन बाजू उभ्या-आडव्या धाग्यावर, त्या हलत नाहीत. सासूबाई उरेब कडा आधी टाचून घेतात आणि मगच धावदोरा घालतात. शाळेत "सर्वात लांब बाजू" एवढंच सांगतात, इथे ती बोटाला कळते. (धाकट्याला सुई दिली नाही, त्याला डिंक आणि जाड कागद.)

फेल्टचा एक उपयोग मात्र झाला. दोन रंगांच्या त्रिकोणांचा एक चौरस, असे चार चौरस घ्या आणि दोन-दोनच्या ओळीत मांडा. प्रत्येक चौरस चार प्रकारे फिरतो, म्हणजे २५६ मांडण्या, फिरवून सारख्या होणाऱ्याही वेगळ्या धरल्या तर. भोवरा होतो, हिरा होतो, बाण होतो, आणि कुठली मांडणी मध्ये आरसा ठेवला तर तशीच दिसते आणि कुठली नुसती फिरवली तर तशीच दिसते हे दोघं भांडून ठरवतात. भोवऱ्यावरून अजून भांडण चालू आहे, तो फिरवला तर तोच, आरशात बघितला तर उलट्या दिशेने फिरणारा.

माझे स्टार: लाकूड ४, पुस्तक २, फेल्ट १. आख्खा बॉक्स घेऊ नका, सुटा लाकडी टॅन्ग्रॅम निम्म्याहून कमी किमतीत मिळतो, दोन्ही बाजूंनी रंगवलेला मिळाला तर फारच छान. तोही नको असेल तर जाड लग्नपत्रिकेचा चौरस घ्या. कोपऱ्यातून कोपऱ्यात कापा, एका अर्ध्याचे परत दोन केले की मोठे त्रिकोण झाले, दुसऱ्या अर्ध्याचं काटकोनाचं टोक लांब बाजूच्या मध्यावर दुमडून कापलं की मधला त्रिकोण, आणि उरलेली पट्टी मधोमध कापून एका भागातून चौरस नि लहान त्रिकोण, दुसऱ्यातून शंकरपाळी नि लहान त्रिकोण. कापडासाठी गल्लीतल्या टेलरकडे कातरणं मागा, पिशवी भरून फुकट देतात. कात्री मात्र त्याची मागू नका, पत्रिका कापायचीय म्हटल्यावर आमच्या टेलरने कातरणांची पिशवीसुद्धा परत घेतली होती.